मुंबईची जुनी अनियतकालिकं गोव्यात बसून जमवताना

साठ-सत्तरच्या दशकातली मुंबईची कवितेची अनियतकालिकं (ठरावीक वेळ न पाळता, जमेल तसे निघणारे छोटे अंक) आणि छोट्या प्रकाशनांची पुस्तकं जमवणारे गोव्यात आता बरेच झालेत. फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव, सगळीकडून मला गठ्ठ्यांचे फोटो येतात आणि फोटोंत त्याच चुका दिसतात. मुखपृष्ठं फाडून अंकांचं बाइंडिंग केलेलं असतं. पिवळं पान लॅमिनेट केलेलं असतं. पहिली आवृत्ती म्हणून चौथं पुनर्मुद्रण घेतलेलं असतं. कपाटात डांबरगोळ्या आणि त्या वासाने भरलेले अंक. हे सगळं प्रेमानेच केलेलं असतं, पण त्यातलं बरंचसं नुकसान परत भरून येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासूनचा क्रम लिहिते आहे असं समजा. पायऱ्या उलटसुलट करू नका.

‘शब्द’, ‘असो’, ‘फक्त’, ‘येरू’, ‘अबकडइ’ ही यातली काही नावं. ‘वाचा’ औरंगाबादचं, पण मुंबईच्या गठ्ठ्यात ते हटकून सापडतं.

१. पल्ला आधी ठरवा

‘साठोत्तरी कविता’ एवढंच मनात धरून निघालात तर दोन वर्षांत कपाट भरेल आणि धड काहीच पूर्ण नसेल. एक धागा निवडा: एकच अनियतकालिक, किंवा एकच प्रकाशन, किंवा एकच कवी. नव्या माणसाला मी प्रकाशन निवडायला सांगते. अशोक शहाणे यांचं प्रास प्रकाशन घ्या, किंवा १९७६ साली पुस्तकं काढायला लागलेलं इंग्रजी कवितेचं क्लिअरिंग हाउस घ्या. यादी आटोक्यात राहते, आणि एकाच हाताची मांडणी ओळखायला डोळा तयार होतो.

भाषेवरून गठ्ठे वेगळे करू नका. अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे दोन्ही भाषांत लिहीत होते. क्लिअरिंग हाउस चालवणाऱ्या चौघांत आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल यांच्या बरोबर कोलटकर होतेच. मराठी एका खणात आणि इंग्रजी दुसऱ्या खणात ठेवलंत की हा संबंध तुमच्याच कपाटात तुटतो.

पुस्तकापेक्षा अंकाकडे का वळायचं, तेही आताच लक्षात घ्या. कोलटकरांचं पहिलं मराठी पुस्तक ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली आलं. ‘शब्द’ त्याच्या वीसेक वर्षं आधीचं. मधल्या काळात ही कविता अंकांमधूनच फिरत होती. तेव्हा ‘पुस्तकात आहे ना, मग अंक कशाला’ असं म्हणून अंक सोडू नका. शब्द, ओळींची तोड, कवितांचा क्रम, सगळं बदललेलं असू शकतं.

तपासा: पल्ला एका ओळीत लिहिता येतो का? येत नसेल तर अजून खरेदी करू नका.

२. यादी, आणि तीही तीन खुणांची

शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची १९५० ला थांबते. आपला काळ त्याच्या पुढचा, त्यामुळे तयार यादी मिळेल ही आशा सोडून स्वतः करायला बसा. मलपृष्ठांवरच्या जाहिराती, कवींच्या आठवणी, विशेषांक, ग्रंथालयांचे कॅटलॉग, जे हाती लागेल त्यातून नावं उतरवा. पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, इथे जाऊन बसावं लागतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयातही मुंबईच्या कवींची कागदपत्रं जतन केलेली आहेत.

प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा. ‘पाहिला’ म्हणजे तुम्ही स्वतः हातात धरलेला अंक. ‘उल्लेख’ म्हणजे दुसऱ्याने पाहिल्याचं लिहिलेला. ‘जाहिरात’ म्हणजे फक्त ‘लवकरच येत आहे’ म्हणून छापलेला. ही तिसरी खूण बहुतेकजण करत नाहीत आणि मग न निघालेल्या अंकाच्या मागे वर्षानुवर्षं फिरतात. या मंडळींकडे पैसा नव्हता. जाहीर केलेले अंक आणि संग्रह कित्येकदा छापखान्यापर्यंत पोचलेच नाहीत.

सावधान: अंकांच्या क्रमांकावर विश्वास ठेवू नका. एका अंकावर क्रमांक असतो, पुढच्यावर नसतो, कधी जोडअंक असतो. ‘अंक तिसरा नाही म्हणजे संच अपुरा’ असं ठरवण्याआधी तिसरा निघाला होता याचा पुरावा हवा.

३. पिशवी भरून ठेवा

माळ्यावर चढायची वेळ सांगून येत नाही. गाडीत एक पिशवी कायम असू द्या. दोन जाड पुठ्ठे, फुलस्केपपेक्षा थोडे मोठे. जुनी धुतलेली सुती साडी किंवा धोतर फाडून केलेले चौकोन. झिपवाल्या मोठ्या पारदर्शक पिशव्या. मऊ रंगाचा ब्रश, एक इंची. एन-९५ मास्क. मऊ शिशाची पेन्सिल. मोजपट्टी. दहा पट दाखवणारं भिंग. छोटी बॅटरी, जिचा उजेड बाजूने पाडता येईल अशी. रबरबँड आणि यू-पिना मुद्दाम घरी ठेवा.

हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. हातमोज्यांची गरज नाही. मोज्यांत कागदाचा अंदाज येत नाही आणि ठिसूळ कोपरा मोडतो.

४. कुठे आणि केव्हा

गोव्यात हे अंक दुकानात मिळत नाहीत, घरांत मिळतात. डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज अंमल होता आणि भारतातून छापील मजकूर आणणं सोपं नव्हतं. म्हणून पन्नासच्या दशकातला अंक गोव्यात सापडला तर तो बहुतेक वेळा मुंबईला शिकलेल्या किंवा नोकरी केलेल्या माणसाने नंतर आणलेला असतो. तेव्हा विचारपूस अशी करा: या वाड्यावरचं कोण गिरगावात, दादरला, परळला राहत होतं? कोण निवृत्त होऊन गावी आलं? मराठीचे शिक्षक, ग्रंथपाल, नाट्यमंडळांतली माणसं, बँकेतले आणि टपालातले नोकर, यांच्या घरी पेट्या असतात.

वर्षात दोन वेळा महत्त्वाच्या. एक मे महिना, पावसाआधी पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या साठवणीचं) सामान भरायचं म्हणून माळे रिकामे होतात तेव्हा. दुसरी चवथीच्या आधीची साफसफाई. याच दिवसांत जुना कागद भंगारवाल्याकडे जातो, नाहीतर न्हाणीच्या चुलीत. ओळखीच्या घरांना एप्रिलमध्येच फोन करा. भंगारवाल्याशीही बोलून ठेवा. किलोच्या भावापेक्षा थोडं जास्त देईन, पण गठ्ठा सुटा करू नकोस आणि मुखपृष्ठं फाडू नकोस, एवढंच सांगायचं. ‘गोमन्तक’ किंवा ‘नवप्रभा’त छोटी जाहिरात दिलीत तर ‘जुनी पुस्तकं हवीत’ असं लिहू नका, पोथ्या आणि पाठ्यपुस्तकं येतील. अनियतकालिकांची चार नावं लिहा. ज्याला कळायचं त्याला कळतं.

मुंबईला जाणं होईलच. फोर्ट आणि माटुंग्याचे फूटपाथवाले, पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुनी दुकानं, हे फेरे वेळ खातात. कोकण रेल्वेने परत येताना अंक दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून हातातल्या पिशवीत आणा. वळकटी कधीच करू नका. टपालाने मागवायचे असतील तर जून ते सप्टेंबर मागवू नका.

५. माळ्यावर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश सांगते.

मडकईजवळच्या एका घरी मी मे महिन्यात गेले होते. घरातल्या माई म्हणाल्या, “मास्तरांनी मुंबईहून आणली ती पेटी तशीच आहे गो. तुला काय लागतं ते बघ.” पत्र्याची ट्रंक, वर वर्तमानपत्राचा थर, त्याखाली सुतळीने बांधलेलं बाड. सुतळी ओढायला माझा हात गेलाच होता. पण बाडाच्या कडेला वेगवेगळ्या रुंदीचे कागद दिसले, म्हणून थांबले. कडेने फोटो घेतले, मग सुतळी कात्रीने कापली आणि बाहेर काढताना क्रम जपला. एका सायक्लोस्टाइल अंकाच्या आत दुसऱ्या अंकाचं शुद्धिपत्रक होतं, बोटभर रुंदीची चिठ्ठी. त्याच्या शेजारी वर्गणी मिळाल्याची पावती आणि पत्ता लिहिलेलं टपालाचं वेष्टन. गठ्ठा नुसता झटकला असता तर ती चिठ्ठी पोटमाळ्याच्या धुळीत गेली असती, आणि ती कुठल्या अंकाची होती हे तर कायमचं कळलं नसतं.

तेव्हा क्रम असा ठेवा:

पहिलं, पेटी उघडण्याआधी बाहेरून फोटो. नंतर उघडून, काहीही न हलवता, वरून फोटो.

दुसरं, घरच्यांशी बोलणं. हे कोणी आणलं, कधी, त्यांचा कोणाशी संबंध होता, हे ऐकता ऐकता लिहून घ्या. नंतर फोनवर विचारू असं म्हणू नका.

तिसरं, वरून खाली एकेक थर. प्रत्येक वस्तू दोन्ही तळहातांवर उचला, कोपऱ्याला धरून ओढू नका. दोन पानं चिकटली असतील तर तशीच राहू द्या. ओल्या बोटाने, सुरीने, फुंकरीने सोडवायचा प्रयत्न घरी जाऊनही लगेच करायचा नाही.

चौथं, अंकात सापडलेला कागद त्याच अंकात, त्याच पानाशी. फोटोत पानाचा आकडा दिसला पाहिजे. बसचं तिकीट असो, वाळलेलं पान असो, उधारीचा हिशेब असो.

पाचवं, घरातल्यांची खासगी पत्रं सापडली तर न वाचता त्यांच्या हाती द्या. कवीचं पत्र आहे असं वाटलं तरी आधी त्यांना दाखवा. ती त्यांची आहेत.

सावधान: वाळवीची माती, उंदरांच्या लेंड्या किंवा काळी-हिरवी बुरशी दिसली तर मास्क लावून अंगणात या. पंख्याखाली गठ्ठा उघडलात तर बुरशीची भुकटी घरभर होते, आणि त्या घरात म्हातारं माणूस असतं.

तपासा: निघण्याआधी रिकाम्या पेटीचा तळ आणि वरच्या वर्तमानपत्राच्या घड्या पुन्हा बघा. चतकोर पानं तिथेच राहतात. पोस्टरं तर हमखास घड्या घालून अस्तर म्हणून वापरलेली असतात. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता मुळात पोस्टर म्हणून निघाली होती. असला कागद पुस्तकांच्या रांगेत शोधून मिळत नाही.

६. हाती आहे ते नेमकं काय

सायक्लोस्टाइल, खिळ्यांची (सुट्या धातूच्या अक्षरांची) छपाई, ऑफसेट आणि झेरॉक्स ही चार ओळखता आली की निम्मी फसवणूक टळते.

सायक्लोस्टाइलमध्ये मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करून त्यातून शाई पाठवलेली असते. भिंगाखाली अक्षराची कड केसाळ दिसते. ‘ब’, ‘व’, ‘क’ यांची पोटं बुजलेली असतात. अक्षराभोवती तेलकट पिवळी छटा उतरलेली असते. कागद शोषून घेणारा, खरखरीत. जोडाक्षरं टाइपरायटरच्या सोयीने मोडलेली, चित्रं टोकदार काडीने स्टेन्सिलवर ओरखडलेली. ‘शब्द’ असा निघत होता.

खिळ्यांच्या छपाईत पान उलटं करून बाजूने बॅटरी मारा. अक्षरांचा उठाव मागे दिसतो, बोटालाही लागतो. ऑफसेटचं पान दोन्हीकडून सपाट. झेरॉक्सची शाई कागदाच्या वर बसलेली, चकचकीत, आणि घडीवर तिचे टवके उडतात. झेरॉक्स पकडायची एक सोपी खूण आहे: मूळ अंकाच्या टाचण्यांची, म्हणजे स्टेपलच्या पिनांची, सावली. जिथे टाचणी नाही तिथे टाचणीच्या आकाराची काळी रेघ छापलेली दिसली की समजा, ही नक्कल आहे. वाचायला नक्कल ठेवायला हरकत नाही, पण यादीत ‘पाहिला’ अशी खूण करू नका आणि मूळ अंकाचे पैसे देऊ नका.

आता वर्ष. बऱ्याच अंकांवर ते नसतं, पण अंक इतर वाटांनी बोलतो.

किंमत बघा. आणे असतील तर एप्रिल १९५७ च्या आधीचा किंवा त्याच सुमाराचा. ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे असतील तर १९५७ ते १९६४ च्या टप्प्यातला. नुसते ‘पैसे’ त्यानंतरचे.

पत्ता बघा. ‘मुंबई २८’ असा विभाग-क्रमांक जुना, ‘मुंबई ४०००२८’ असा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. पिनकोड असलेला ‘१९६८ चा’ अंक कोणी दाखवला तर तो १९६८ चा नाही. उलट मात्र धरता येत नाही. लोक १९७२ नंतरही जुन्या सवयीने विभाग-क्रमांक छापत राहिले.

मुद्रक आणि प्रकाशकाची ओळ बघा. १८६७ च्या कायद्याने ती छापणं बंधनकारक होतं, आणि ती बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक टायपात असते. छापखान्याचं नाव यादीत वेगळ्या रकान्यात घ्या. एकाच छापखान्यातून दोन वेगळे अंक निघालेले दिसले की बिनतारखेच्या अंकाचा काळ लावायला मदत होते. ओळ नसली म्हणजे अंक खोटा असंही धरू नका. या मंडळींनी असल्या गोष्टींची फार फिकीर केली नाही.

डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार बघून काळ ठरवणारे भेटतात. शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले हे खरं, पण जुन्या वळणाचे जुळारी (खिळे जुळवणारे) आणि संपादक पुढेही तसंच लिहीत होते. हा पुरावा कच्चा.

पुस्तकांसाठी माझी कसोटी एकच आहे: ते छापताना जे घडलेलंच नव्हतं ते त्यात लिहिलंय का? इंग्रजी ‘जेजुरी’ क्लिअरिंग हाउसने १९७६ साली काढलं. राष्ट्रकुल काव्य पुरस्कार त्याला १९७७ मध्ये मिळाला. पुढे प्रास प्रकाशनाने ते पुन्हा पुन्हा छापलं. तेव्हा वेष्टनावर पुरस्काराचा उल्लेख असेल तर ती पहिली छपाई नाही. मी स्वतः अशी एक प्रत पहिली म्हणून घेतली. घरी येऊन मागचं पान वाचलं तेव्हा कळलं. नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ १९७२ चं. परिचयात १९९९ ची पद्मश्री असेल तर छपाई त्यानंतरची. आयएसबीएन दिसला तरी तेच. पुनर्मुद्रण घेऊ नका असं मी म्हणत नाही, ते पुनर्मुद्रण म्हणून घ्या आणि तसंच नोंदवा.

तपासा: पानं मोजा. मधली जोडपानं निसटलेली असतात, कारण टाचणी गंजून पहिली तीच सुटतात. अर्ध्यात तुटणारी कविता ‘प्रयोग’ समजून सोडून देऊ नका, आधी पान गहाळ आहे का ते बघा.

७. देणंघेणं

घरच्यांना या कागदाची किंमत ठाऊक नसते याचा फायदा घेऊ नका. तुम्हाला काय सापडलं ते स्पष्ट सांगा, रक्कम सांगा, आणि विचार करायला दोन दिवस द्या. साध्या कागदावर लिहून घ्या: कोणाकडून, काय काय, कोणत्या तारखेला, विकत की भेट की फक्त स्कॅनसाठी उसनं. ‘घेऊन जा, आम्हाला काय करायचं’ असं म्हणून दिलेल्या पेटीवर पुढे मुंबईतला मुलगा हक्क सांगतो आणि तो चुकीचा नसतो. सगळ्या वारसांना माहीत आहे ना, हे त्याच बैठकीत विचारा.

८. घरी आणल्यावर पहिले तीन आठवडे

नवा अंक जुन्या अंकांच्या कपाटात थेट ठेवू नका. कसर किंवा वाळवी आत शिरली की सगळं संपवते.

आधी ओल बघा. पान हाताला गार आणि लिबलिबीत लागलं तर सावलीत, पंखा बाजूला वळवून, सुती कापडावर पसरा. उन्हात घालू नका. मे महिन्यात अंगणात पुस्तकांना ऊन दाखवायची आपली पद्धत जाड कागदाच्या पोथ्यांना चालून गेली असेल, पण सायक्लोस्टाइलचा आणि वर्तमानपत्री कागद उन्हात काही तासांत करपल्यासारखा होतो आणि घडीवर तुटतो.

कोरडं झाल्यावरच ब्रश. मध्यापासून बाहेरच्या दिशेने, हलक्या हाताने. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत जातो.

कीड असेल किंवा नुसती शंका असेल तर डीप फ्रीझर. अंक सुती कापडात गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजमधला बर्फाचा खण बहुधा एवढा थंड राहत नाही, थर्मामीटर ठेवून खात्री करा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका. लगेच उघडलीत तर गोव्याच्या दमट हवेतलं पाणी थंड कागदावर जमतं आणि आतापर्यंतची मेहनत फुकट जाते.

सावधान: डांबरगोळ्या, कीटकनाशक फवारे, झुरळांचा खडू, हळद, यांतलं काहीही कागदाला लागू देऊ नका. सुकलेला कडुलिंब फडताळात ठेवायचा तर ठेवा, पानांच्या मध्ये नको. त्याचे डाग पडतात.

९. दुरुस्तीचा मोह

नुसतं ठेवणं पुरेसं असतं, दहापैकी आठ वेळा. तरीही दोन गोष्टी कराव्या लागतात.

गंजलेली टाचणी कागद खात असेल तर काढा, पण पिन रिमूव्हरने नाही. मधलं पान उघडा, टाचणीचे वळलेले पाय बांबूच्या पातळ कामटीने उचलून सरळ करा, पालथं करून पाठीमागून अलगद बाहेर काढा. जुन्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून सैल गाठ मारा. नवं भोक पाडायचं नाही. टाचण्या किती आणि कुठे होत्या त्याचा फोटो आधी.

सुटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. दहा वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन अक्षरावर उतरतो आणि पट्टी गळून पडते. पान अंकात त्याच्या जागी सैल ठेवा, बस.

बाइंडिंगला अंक देऊ नका. मी सुरुवातीला सहा अंक एकत्र बांधायला दिले होते. बांधणाऱ्याने कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तीन बाजूंनी कापल्या, कारण बाइंडिंगमध्ये तसंच करतात आणि मी नको म्हटलं नव्हतं. एका अंकाच्या समासात आधीच्या वाचकाने पेन्सिलने ओळींच्या पर्यायी तोडी लिहिल्या होत्या. त्या कापल्या गेल्या. आता त्या समासाच्या आतल्या कडेवर अर्धी अक्षरं तेवढी उरलीत.

लॅमिनेशनबद्दल एवढंच: ते परत निघत नाही.

१०. नोंद

कपाटात जाण्याआधी प्रत्येक अंकाची नोंद झाली पाहिजे. नाव जसं छापलंय तसंच, ऱ्हस्वदीर्घासकट. संपादक, छापखाना, पत्ता, किंमत, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, पानं, छपाईचा प्रकार, आतले सुटे कागद, हस्ताक्षरं, नुकसान. कुठून आला, कोणत्या तारखेला. आणि वर्ष तुम्ही अनुमानाने लावलं असेल तर ते चौकटी कंसात, शेजारी कारण: ‘[१९७२ नंतर], पिनकोडवरून’. कारण लिहिलं नाहीत तर पाच वर्षांनी तुमचंच अनुमान तुम्हाला पुरावा वाटायला लागतं.

अंकावर शिक्का, स्टिकर, बॉलपेन काही नको. मलपृष्ठाच्या आतल्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने बारीक क्रमांक पुरे.

११. पाऊस

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि जुलैत उघड्या खोलीत ती त्याहून कितीतरी वर असते. म्हणून कपाटात आर्द्रतामापक हवाच. साधा, बॅटरीवरचा चालतो.

जांभ्या दगडाच्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका. चिरा पाणी पितो आणि आत सोडतो. भिंतीपासून वीतभर, जमिनीपासूनही वीतभर अंतर ठेवा. आतल्या खोलीची भिंत त्यातल्या त्यात बरी. माळा नकोच.

अंक आम्लरहित कागदाच्या घडीत, मग आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, आडवे. एकावर एक दहापेक्षा जास्त नकोत. दुकानातल्या मऊ पीव्हीसी फायली घेऊ नका, सायक्लोस्टाइलची आणि झेरॉक्सची शाई तिला चिकटून वर येते. आम्लरहित कागद मिळेपर्यंत धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळा.

लोखंडी कपाटात सिलिका जेल ठेवा, केशरी रंगाचं. हिरवं झालं की भरलं. निळ्या जेलमधला कोबाल्ट विषारी असतो. १०० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास ठेवलं की पुन्हा केशरी होतं. जेल कागदाला टेकू देऊ नका, वाटीत ठेवा. आणि हे बंद कपाटातच उपयोगाचं. पावसाची उघडीप पडली म्हणून जुलैत दारं उघडून ‘हवा दाखवू’ नका, बाहेरची हवाच ओली आहे.

तपासा: पावसात दर रविवारी आर्द्रतामापकाचा आकडा वहीत. ६५ च्या वर दोन रविवार गेले तर जेल बदला, आणि तळातली पेटी काढून वास घ्या. बुरशी दिसण्याआधी वास येतो.

१२. स्कॅन आणि दाखवणं

फ्लॅटबेड स्कॅनरवर, ६०० डीपीआय, रंगीत, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोरी पानंसुद्धा. अंक पूर्ण उघडत नसेल तर दाबू नका, वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. फाइलचं नाव नोंदीच्या क्रमांकावरून. प्रत दोन ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर.

स्कॅन लोकांसाठी खुलं करायच्या आधी थांबा. कवितेवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. कोलटकर २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांचा हक्क २०६४ अखेरपर्यंत वारसांकडे. अंक तुमचा असला तरी त्यातली कविता तुमची होत नाही. अभ्यासकाला घरी बोलावून दाखवा, मुखपृष्ठाचा आणि अनुक्रमणिकेचा फोटो पाठवा, पूर्ण अंक हवा असेल तर परवानगी कोणाकडे मागायची ते सांगा. टपालाच्या वेष्टनावरचे पत्ते दाखवताना झाका. तिथे अजून कोणाचं तरी कुटुंब राहत असतं.

ज्या घरून पेटी आली त्यांना पूर्ण स्कॅन पेनड्राइव्हवर नेऊन द्या. मडकईच्या माईंकडे मी ऑक्टोबरात गेले होते, पाऊस सरल्यावर. त्यांनी मास्तरांचं अक्षर पडद्यावर मोठं करून पाहिलं, आणि मग आतल्या खोलीतून आणखी एक पिशवी आणून दिली.